फ्रान्समध्ये गीत घेताय? किराणा शनिवारीच भरा

फ्रान्सच्या खेड्यातलं भाड्याचं घर, म्हणजे 'गीत', उन्हाळ्यात बहुतेक शनिवार ते शनिवारच मिळतं. चावी दुपारी चारनंतर हातात पडते. दुसऱ्या दिवशी रविवार. गावाकडची सुपरमार्केटं एकतर बंद, नाहीतर दुपारी साडेबारा-एकलाच शटर खाली. आठ-दहा मित्रमंडळी आणि घरात फक्त मीठ, अशी गत होते.

१. सामानाची यादी निघण्याआधीच ग्रुपवर पक्की करा.

२. लक्लेर, कार्फूर यांसारख्या दुकानांची 'ड्राइव्ह' सोय असते. ऑनलाइन ऑर्डर द्यायची, शनिवार दुपारची वेळ निवडायची आणि वाटेत गाडी लावून पिशव्या डिकीत भरून घ्यायच्या. घराजवळची नव्हे, मोठ्या गावातली शाखा निवडा. कुठलं चीज यावर ट्रॉलीपाशी होणारा वादही वाचतो, हा वरचा फायदा.

३. भाजी-फळं मात्र यात घेऊ नका. ती रविवारच्या आठवडी बाजारातून. नैऋत्य फ्रान्समधल्या दोर्दोन्य भागात असाल तर सँ-सिप्रियँ किंवा इसिजाकचा रविवारचा बाजार सकाळीच गाठा. जेवणाच्या वेळेपर्यंत सगळं आवरतं.

तूरडाळ खेड्यात मिळणं कठीण, पण केशरी मसूरडाळ 'लांतीय कोराय' नावाने शेल्फवर असते. हिंग, गोडा मसाला घरून न्या. चार फोडण्यांपुरता पुरे.

एक सांभाळा: तूप, पेढे, खवा बॅगेत टाकू नका. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे पदार्थ सामानातून न्यायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात.