रब्बीची मोटर चालू करण्याआधी पेटी उघडा, ‘डायरेक्ट’ केलेला ब्रेकर आधी सरळ करा

परतीचा पाऊस ओसरला, रानाला वाफसा आला. आता कांद्याच्या लागणी, हरभरा, गहू यांच्यासाठी शिवारातल्या सगळ्या मोटरी एकाच पंधरवड्यात चालू होतील. मोटरी जळण्याचा काळही हाच. गव्हाच्या पहिल्या पाण्याला वाइंडरच्या दुकानापुढे रांग लागते. जळालेल्या मोटरीच्या पेट्या उघडल्या, की पुन्हा पुन्हा तेच दिसतं: ब्रेकर सारखा पडतो म्हणून त्याच्या वरच्या आणि खालच्या टर्मिनलला तार मारलेली. नाहीतर किटकॅटमध्ये (चिनी मातीच्या फ्यूजमध्ये) फ्यूज वायरीच्या जागी सर्व्हिस वायरीची जाड तार पिळलेली. ‘तेवढं पाणी होऊ द्या, मग बघू’ म्हणून केलेलं काम तीन-तीन हंगाम तसंच राहतं.

पाणी तेवढं होत नाही. मोटर जळते, बोअरमधून काढायला दोन दिवस, वाइंडिंगला चार-सहा दिवस, परत सोडायला एक दिवस. गहू 10 नोव्हेंबरला पेरला असेल तर मुकुटमुळं फुटायची अवस्था 28 नोव्हेंबर ते 1 डिसेंबरच्या दरम्यान येते, पेरणीनंतर 18 ते 21 दिवसांनी. नेमक्या त्याच आठवड्यात मोटर दुकानात असली तर फुटवे कमी निघतात, आणि ते पुढे कोणत्याही टॉनिकने भरून येत नाहीत.

ब्रेकर आत काय करतो हे एकदा नीट समजलं, तर तार मारायला हात धजणार नाही. एमसीबीत, म्हणजे पेटीतल्या या छोट्या ब्रेकरमध्ये, दोन यंत्रणा असतात. एक म्हणजे दोन धातूंची चिकटवलेली पट्टी. जास्त प्रवाह वाहिला की ती तापून वाकते आणि खटका सोडते. हिला थोडा वेळ लागतो. दुसरी म्हणजे वेटोळं. शॉर्टसर्किट होऊन प्रवाह अनेक पटींनी उसळला की त्याचं चुंबक होतं आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत खटका ओढला जातो. संपर्क तुटताना पडणारी ठिणगी आतल्या पत्र्यांच्या चळतीत शिरून तुकडे होऊन विझते. दांडी बोटाने दाबून धरली किंवा वर चिंधी बांधली तरी आतला संपर्क तुटतोच, तशीच त्याची रचना आहे. म्हणून तर लोक सरळ तार मारतात.

आता आकडे. 5 एचपीची विहिरीवरची मोटर पूर्ण भाराला साधारण साडेसात ते आठ अँपियर घेते, त्याच ताकदीची पाणबुडी मोटर दहा-अकरा. तुमचा आकडा मोटरीच्या नेमप्लेटवर आहे, तोच धरा. चालू होताना मोटर याच्या सहा-सात पट ओढते, पण काही सेकंदच. त्यासाठी ‘सी’ प्रकारचा ब्रेकर असतो. त्याचं वेटोळं पाच ते दहा पटींवर ओढतं, त्यामुळे सुरुवातीच्या धक्क्याला तो पडत नाही. 5 एचपीला 16 किंवा 20 अँपियरचा सी-प्रकार, तीन पोलचा, आयएसआय खुणेचा पुरे.

दुकानदार मात्र 63 चा काढून देतो. ‘हा टाका, कधी पडणार नाही.’ खरंच पडत नाही! इम्पेलर (पाणी फेकणारा पंखा) गाळाने जाम झालेली मोटर 50-60 अँपियर ओढत जागेवर घुमत राहते, आणि 63 च्या ब्रेकरच्या लेखी ते सगळं ठीक असतं. वाइंडिंग दोन-चार मिनिटांत काळं पडतं. जाड तारेचं तेच. 15-16 अँपियरच्या फ्यूजला अर्धा मिलिमीटर जाडीची कलई केलेली तांब्याची फ्यूज वायर लागते. तुम्ही पिळलेली 1.4 मिलिमीटरची तार वितळायला सव्वाशे अँपियर लागतात, तोवर मागची केबल पेटलेली असते.

ब्रेकर पडतोय तर कारण शोधा. मोटर सुटताक्षणी धाडकन पडला तर केबलचा जोड किंवा वाइंडिंग शॉर्ट. दहा-पंधरा मिनिटांनी पडत असेल तर भार जास्त, व्होल्टेज कमी, नाहीतर ब्रेकरचाच स्क्रू ढिला. ढिल्या स्क्रूपाशी उष्णता तयार होते आणि पट्टी उगाच वाकते. अशा वेळी टर्मिनलजवळचं प्लास्टिक पिवळट-तपकिरी झालेलं दिसेल. संध्याकाळी दोन फेजमधलं व्होल्टेज 350 च्या खाली आलं तर मोटर चालवूच नका. व्होल्टेज उतरलं की मोटर तेवढंच काम ओढायला जास्त अँपियर घेते.

माझा एक अडाखा आहे, पुस्तकात सापडणार नाही. पहाटे दव असताना पडतो आणि दहाच्या उन्हाला टिकतो, तर मोटर चांगली आहे. ओल पेटीत किंवा केबलच्या जोडात आहे. पावसाळाभर बंद असलेल्या पेटीत मुंग्या, कुंभारमाशीचं घर, कॉन्टॅक्टरमध्ये (स्टार्टरमधला वीज जोडणारा-तोडणारा भाग) चेंगरून वाळलेली पाल हे सगळं निघतं. पाल अडकली की तीनपैकी एक पॉइंट नीट टेकत नाही आणि मोटर दोन फेजवर घुमते.

इथे ब्रेकरची मर्यादाही सांगतो. एक फेज गेली की उरलेल्या दोन फेजवर प्रवाह साधारण पावणेदोन पट होतो. आठची मोटर चौदा ओढते, 16 चा ब्रेकर पडत नाही, मोटर मात्र जळते. त्यासाठी ओव्हरलोड रिले (ठरवल्यापेक्षा जास्त प्रवाह गेला की मोटर बंद करणारी) आणि सिंगल फेज प्रिव्हेंटर (एक फेज गेली की मोटर बंद करणारा). रिले नेमप्लेटच्या अँपियरवर लावा, ‘थोडी वर ठेवू’ नको. स्टार-डेल्टा (मोटर दोन टप्प्यांत चालू करणाऱ्या) स्टार्टरमध्ये रिले वाइंडिंगच्या वायरींवर असेल तर नेमप्लेटचा आकडा गुणिले 0.58: चौदा अँपियरची मोटर असेल तर रिले आठवर. तिथे ती चौदावर ठेवणं म्हणजे रिले नसल्यातच जमा. आणि टू-फेजवर मोटर चालवायला जाडा कन्डेन्सर लावून प्रिव्हेंटरला बगल दिलेली असेल, तर ती जोडणी आज काढा.

मोटरीपेक्षा जीव महत्त्वाचा, आणि या बाबतीत एमसीबी काही कामाचा नाही. माणूस मरायला 16 अँपियर लागत नाहीत. अँपियरच्या शंभराव्या भागांतले थोडेसे पुरतात. मुरमाड रानात अर्थिंगचा रोध 20 ओहम धरा. फेज पेटीच्या बॉडीला लागली तर 230 व्होल्टला जमिनीत साडेअकरा अँपियर जातील. 16 चा ब्रेकर पडणार नाही आणि पत्र्याची पेटी जिवंत राहील. रात्रपाळीच्या लाईटला चिखलात अनवाणी उभं राहून त्याच पेटीला हात लागतो. यासाठी ईएलसीबी लागतो: जाणारा आणि येणारा प्रवाह तो ताडून बघतो, फरक 30 मिलीअँपियरवर गेला की तोडतो. 300 मिलीअँपियरचा गळ्यात मारतील, तो आगीसाठी असतो, माणसासाठी नाही. महिन्याला एकदा टेस्ट बटण दाबा. चार पोलच्या ईएलसीबीला न्यूट्रल जोडलेला नसेल तर बऱ्याच बनावटींत हे बटण चालत नाही, तेव्हा न्यूट्रल जोडून घ्या. ‘सारखा पडतो’ म्हणून ईएलसीबी काढून टाकलेला असेल तर आज रात्री पाणी धरायला कुणालाही पाठवू नका. आधी केबलचे जोड तपासा.

मोटर सोडण्याआधीची कामं, मेन स्विच बंद करून, टेस्टरने खात्री करून:

– पेटी झाडणे, कोरडी करणे, भोकं बुजवणे
– सगळे स्क्रू आवळणे
– कॉन्टॅक्टरचे पॉइंट बघणे. खड्डे पडलेले असतील तर बदलणे
– वायरमनकडून मेगर (वाइंडिंगचं इन्सुलेशन मोजायचं यंत्र) लावणे. 1 मेगाओहमच्या खाली असेल तर मोटर सोडू नये
– अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतणे, अर्थची वायर गंजली असल्यास बदलणे
– कपॅसिटर: 3 एचपीला 1, 5 एचपीला 2, साडेसातला 3 केव्हीएआर (कपॅसिटरच्या ताकदीचं माप)
– ऑटोस्विच (लाईट येताच मोटर आपोआप चालू करणारा) काढणे

ऑटोस्विचवर दोन शब्द जास्त. एका डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) 5 एचपीच्या बारा मोटरी धरा. एकामागून एक सोडल्या तर सगळ्या मिळून शंभरेक अँपियर, 100 केव्हीएची डीपी ते सोसते. लाईट येताच बाराही ऑटोस्विच एकदम पडले तर पहिल्या काही सेकंदांना पावणेसहाशे. मग डीपीचे फ्यूज उडतात, कुणीतरी तिथेही जाड तार टाकतं, आणि पुढच्या खेपेला डीपीच जाते. मग एकट्याची नाही, बाराजणांची पिकं वाळतात. गावात बसून ठरवा, पाच-पाच मिनिटांच्या फरकाने सोडा. डीपीवर स्वतः चढू नका. 1912 वर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा.

आठवडी बाजारात वीजबचतीची डबी विकायला येते, ती घेऊ नका. साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपाला 2024 पासून राज्याच्या योजनेत वीजबिल माफ आहे. त्यात ही डबी वाचवणार तरी काय? डिजिटल पॅनेलही दिवे बघून घेऊ नका. आत रिले, प्रिव्हेंटर आणि कोरडी मोटर थांबवायची सोय आहे का, एवढंच विचारा. सौरपंपाच्या पॅनेलकडच्या बाजूला घरचा साधा एमसीबी बसवू नका. आपली वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते म्हणून ठिणगी विझते. सौरची डीसी वीज शून्यावर येतच नाही, ठिणगी पेटती राहते आणि ब्रेकर वितळतो. तिथे डीसी लिहिलेलाच लागतो.

एवढं करूनही मोटर गेलीच, तर शेजाऱ्याकडून मिळेल तेवढ्या पाण्याचा हिशोब असा: गव्हाला एकच पाणी जमणार असेल तर पेरणीनंतर 40 ते 42 दिवसांनी; दोन जमणार असतील तर 20 ते 22 आणि 60 ते 65 दिवसांनी. कांद्याचं आंबवणीचं (लागणीनंतर लगेचचं हलकं) पाणी चुकवू नका. मोटर दुरुस्त होऊन आल्यावर आठ दिवसांची कसर काढायला हरभऱ्यात पाट मोकळा सोडू नका. काळ्या रानात भेगा पडल्यावर साचवून पाणी दिलं की हरभरा उभळतो, म्हणजे पिवळा पडून वाळतो. तुषार असेल तर तुषारने, नसेल तर एकाआड एक सरीतून हलकं द्या.