डोटा २: किल्स आपल्या जास्त, तरी गेम त्यांचा. असं का होतं?

आपल्या टीमच्या ३८ किल्स, त्यांच्या २४, आणि एन्शंट (बेसमधली मुख्य इमारत) मात्र आपलाच फुटला. नवख्यांच्या गेममध्ये हे इतकं सर्रास होतं की आता कुणाला नवल वाटत नाही. मग खापर फुटतं सपोर्टवर (बाकीच्यांना मदत करणाऱ्या खेळाडूवर), नाहीतर सर्व्हरवर, नाहीतर मॅचमेकिंगवर. पण डोटा २ या पीसी गेममध्ये मारामारी कितीही केली तरी शेवटी हिशेब होतो तो इमारतींचा. पाच विरुद्ध पाच, तीन लेन (एका बेसपासून दुसऱ्या बेसपर्यंतचे रस्ते), दोन्ही बाजूंना ११-११ टॉवर आणि मागे एन्शंट. ज्याचा एन्शंट आधी पडला तो हरला, मग स्कोअरबोर्ड काहीही म्हणो.

हल्ली या गेमकडे नव्याने येणाऱ्यांत मोबाइलवरून आलेले बरेच असतात. जून २०२० मध्ये भारतात मोबाइल लेजेंड्स या अशाच मोबाइल गेमवर बंदी आली, आणि त्यातले काही जण पीसीकडे वळले. त्यांच्या हातात कौशल्य असतं, पण सवयी तिथल्या असतात. तिथे मेलं तर फक्त वेळ जातो, इथे साठवलेलं गोल्डही कापलं जातं. तिथे बेसवर फुकट परतता येतं, इथे टीपी स्क्रोलला (बेसवर किंवा दूरच्या टॉवरजवळ झटक्यात नेणाऱ्या आयटमला) १०० गोल्ड मोजावे लागतात. शिवाय गेम पाऊण तासही चालतो, त्यामुळे पहिल्या दहा मिनिटांतली घाई पुढे महागात पडते.

किल झाली की पांगायचं

समोरचे तिघे मेले, आता मैदान मोकळं. नवखी टीम अशा वेळी काय करते? एक जण जंगलात जातो, एक बेसला जाऊन आयटम घेतो, तिसरा उरलेल्या दोघांच्या मागे धावत त्यांच्या टॉवरखाली जाऊन मरतो. अर्ध्या मिनिटात समोरचे तिघे जिवंत होऊन परत येतात आणि आधीच्या फाइटचा फायदा शून्य.

फाइट जिंकल्या जिंकल्या बघायचं ते जवळच्या लेनमध्ये आपली क्रीप वेव्ह (आपोआप चालत जाणाऱ्या सैनिकांची तुकडी) कुठे आहे. वेव्ह सोबत असेल तर टॉवर घ्या. नसेल तर ती पुढे ढकला, त्यांच्या बाजूला वॉर्ड (आसपासचं दाखवणारा आयटम) टाका, किंवा टीमची ताकद असेल तर रोशन (मॅपवरचा मोठा राक्षस) करा. टियर थ्री टॉवर (लेनमधला शेवटचा) पाडून आत शिरलात तर बॅरॅक्स (त्यामागच्या इमारती) सोडू नका. त्या पडल्या की त्या लेनमधले तुमचे क्रीप कायमचे तगडे होतात आणि पुढचा सगळा गेम समोरच्याला ती लेन सांभाळत बसावं लागतं. मेलेल्यांचा रिस्पॉन टायमर वर दिसतो. नंतरच्या टप्प्यात तो मिनिटापेक्षाही मोठा असतो. तेवढ्या वेळात काय पाडता येईल हे फाइट संपता संपताच टीमला मॅपवर खूण (पिंग) करून दाखवा.

दिसेल त्या क्रीपला बडवायचं

लेनमधली ही चूक थोडी उलगडून बघायला हवी, कारण पहिल्या दहा मिनिटांतलं जवळजवळ सगळं नुकसान इथेच होतं.

दर ३० सेकंदांना एक वेव्ह निघते: सुरुवातीला तीन मेली (जवळून लढणारे) क्रीप आणि एक रेंज्ड (लांबून मारणारा). क्रीपचं गोल्ड मिळतं ते फक्त शेवटचा घाव घालणाऱ्याला. त्या अगोदर तुम्ही दहा फटके मारले असले तरी त्यांचं काही मिळत नाही. दहा मिनिटांत एका लेनमध्ये समोरून ८० च्या आसपास क्रीप येतात. नवखा त्यातले जेमतेम वीस-पंचवीस घेतो. एका वेव्हचे चारही क्रीप नीट घेतले तर साधारण दीडशे गोल्ड होतात, आणि सुरुवातीच्या मिनिटांतल्या साध्या किलचंही त्याच्या आसपासच होतं. म्हणजे एका किलसाठी समोरच्याच्या मागे धावण्यात तीन वेव्ह सोडल्या तर तो तोट्याचा सौदा.

पण सतत मारत राहण्यात याहून मोठा तोटा आहे. तुम्ही प्रत्येक फटका मारता तेव्हा त्यांचे क्रीप लवकर मरतात, तुमचे पुढे सरकतात आणि लेन त्यांच्या टॉवरकडे जाते. मग लास्ट हिट (तो शेवटचा घाव) घ्यायला तुम्हाला त्यांच्या टॉवरजवळ उभं राहावं लागतं. तिथे तुमच्या पाठीमागे लांबच लांब मोकळी वाट असते आणि त्यांचा मिड (मधल्या लेनचा) हिरो केव्हाही बाजूने येऊ शकतो. ‘आमच्यावर सारखा गँक (अचानक येऊन केलेला हल्ला) होतो’ ही तक्रार बहुतेक वेळा इथून सुरू होते.

उपाय हाताच्या सवयीत आहे. आधी सेटिंग्जमध्ये ऑटो अटॅक बंद करा. मग क्रीपच्या रक्ताच्या पट्टीकडे बघत थांबा. हिरो हात उगारतो पण क्रीपचं रक्त अजून जास्त आहे असं दिसलं तर एस दाबून फटका थांबवा, पुन्हा उगारा. हात असे उगारत-थांबवत राहिलात की समोरच्यालाही तुमचा खरा फटका कधी पडणार हे कळत नाही. लेन तुमच्या टॉवरखाली आली तर घाबरायचं कारण नाही. मेली क्रीपवर टॉवरचे दोन फटके पडू द्या, तिसरा तुमचा. रेंज्ड क्रीपला आधी तुमचा एक, मग टॉवरचा एक, मग पुन्हा तुमचा.

स्वतःच्या क्रीपचं रक्त निम्म्याखाली गेलं की त्याला ए दाबून मारता येतं. यालाच डिनाय म्हणतात. त्याने समोरच्याचं गोल्ड पूर्ण बुडतं आणि त्या क्रीपचा एक्सपीही (लेव्हल वाढवणारे गुण) निम्मा होतो.

आणि लेन पुढे गेलीच असेल तर ती ओढून मागे आणता येते. समोरच्या हिरोवर राइट-क्लिक करा. त्यांचे जवळपासचे क्रीप (साधारण ५०० रेंजच्या आतले) चिडून तुमच्या मागे येतात. दोन पावलं मागे जा, लेनही मागे येते. क्रीप पाठ सोडत नसतील तर ए दाबून स्वतःच्याच एखाद्या क्रीपवर क्लिक करा, ते सुटतात. नवखे नेमकं याच्या उलट फसतात: क्रीपच्या घोळक्यात उभे राहून हिरोवर फटके मारतात आणि चार-पाच क्रीपचा मार फुकट खातात. टॉवरखाली हीच गोष्ट जिवावर बेतते, कारण हिरोला हात लावलात की टॉवरही तुमच्याकडे वळतो.

डेमो हिरोमध्ये किंवा बॉटसोबतच्या लॉबीत आयटम न घेता नुसते लास्ट हिट घेत बसा. कंटाळवाणं आहे, कबूल. पण दहा मिनिटांत चाळीसच्या पुढे गेलात की खऱ्या गेममध्ये त्याचा फरक लगेच जाणवतो.

मॅप कोपऱ्यात असतो, म्हणून विसरायचा

मिनीमॅप मोठा करायची सोय सेटिंग्जमध्ये आहे. आधी ती चालू करा. मग दर दोन लास्ट हिटनंतर एक नजर तिकडे, असा शिरस्ताच ठेवा. मॅपवर समोरचे तिघे दिसत असतील तर उरलेले दोघे तुमच्याकडेच येतायत असं धरून चाला. अंदाज चुकला तर एखादी वेव्ह बुडेल, पण जीव वाचेल.

गेममधला दिवस पाच मिनिटांचा, रात्रही पाच मिनिटांची. दिवसा बहुतेक हिरोंना १८०० अंतरापर्यंत दिसतं, रात्री ८००. त्यामुळे रात्री त्यांच्या बाजूच्या झाडीत एकट्याने फार्म करत फिरणं म्हणजे आ बैल मुझे मार. एप्रिल २०२३ च्या ७.३३ पॅचने (गेमच्या अपडेटने) मॅप जवळजवळ ४० टक्क्यांनी वाढवला. तेव्हापासून कोपऱ्यात एकटा अडकलेल्या हिरोला वाचवायला टीम वेळेत पोचणं आणखीच अवघड झालंय.

खिशात टीपी नसणं ही याच घरातली चूक. १०० गोल्ड वाचवून नवखे आयटम दोन मिनिटं आधी घेतात आणि टॉवर पडताना नुसते बघत राहतात. दुसऱ्या लेनमध्ये फाइट सुरू झाली तर चालत जाऊ नका. तुम्ही पोचेपर्यंत ती संपलेली असते.

रोज नवा हिरो

१२० च्या वर हिरो, आणि सगळे पहिल्या दिवसापासून फुकट. साहजिकच प्रत्येकाला एकदा इन्व्होकर खेळून बघायचा असतो. त्याचे दहा स्पेल्स आहेत आणि प्रत्येक स्पेल तीन प्रकारचे गोळे जुळवून बनवावा लागतो. मीपो तर एकाच वेळी अनेक शरीरांनी खेळायचा. हे खुशाल खेळा, पण बॉटसोबत.

सुरुवातीला तीन-चार हिरो पक्के करा. कॅरीसाठी (गोल्ड जमवून पुढे गेम जिंकवणारा) रेथ किंग: बटणं कमी, आणि मेल्यावर अल्टमुळे (सर्वांत मोठ्या स्पेलमुळे) पुन्हा उठतो, म्हणजे चूक पोटात घालतो. सपोर्टसाठी लिच किंवा ओगर मॅजाय. स्नायपर सोपा म्हणून सुचवला जातो आणि लांबून गोळ्या घालायला तो सोपा आहेही. पण अंगावर कुणी उडी घेतली की त्याच्याकडे निसटायचं फारसं काही नसतं. पज (आकडा म्हणजे हुक फेकून शत्रूला ओढणारा हिरो) घेऊन पंधरा हुक मारून तेरा हुकवणाऱ्यांबद्दल मी इथे काही लिहीत नाही.

गाइडमधलं आयटम, डोळे मिटून

गेममधली गाइड्स उपयोगी आहेत, पण समोर कोण आहे हे त्यांना माहीत नसतं. समोर सारखे स्पेल टाकणारे हिरो असतील तर २०० गोल्डची मॅजिक स्टिक सोन्याच्या मोलाची आहे, गाइडमध्ये असो वा नसो. रिकी किंवा बाउंटी हंटर अदृश्य होऊन छळतोय? त्याला उघडं पाडायला ५० गोल्डचा सेंट्री वॉर्ड किंवा ८० गोल्डची डस्ट घ्या. ती घ्यायची जबाबदारी फक्त सपोर्टची, असं कुठेही लिहिलेलं नाही. आणि कॅरी असाल, प्रत्येक फाइटमध्ये स्टन (हिरोला जागीच थिजवणारा स्पेल) खाऊन एकही फटका न मारता मरत असाल, तर आणखी डॅमेज घेऊन काय करणार? ब्लॅक किंग बार घ्या, तो काही सेकंद बहुतेक स्पेलपासून वाचवतो. ४०५० गोल्ड खूप वाटतात, पण उभं राहिलात तरच बाकीच्या आयटमना अर्थ आहे.

सपोर्ट म्हणजे कमी दर्जाचं काम

हा समज जितका लवकर जाईल तितकं बरं. ऑब्झर्व्हर वॉर्डला २०१९ पासून पैसे पडत नाहीत. एक वॉर्ड सहा मिनिटं टिकतो. तरी तो दुकानात तसाच पडून असतो, किंवा प्रत्येक वेळी त्याच टेकडीवर लागतो आणि प्रत्येक वेळी समोरचे तो काढतात. वॉर्ड तिथे लावा, जिथे तुमची टीम पुढच्या पाच मिनिटांत जाणार आहे.

नवख्या सपोर्टची दुसरी सवय म्हणजे कॅरीशेजारी उभं राहून क्रीपवर फटके मारत बसणं. त्याने लेन पुढे जाते, लास्ट हिट बिघडतो आणि एक्सपीही वाटला जातो. त्याऐवजी समोरच्या हिरोला त्रास द्या. किंवा जंगलातल्या कॅम्पला घड्याळात मिनिटाचा ५३ ते ५५ वा सेकंद असताना एक फटका मारून बाहेर ओढा. मिनिट भरताना कॅम्प रिकामा असेल तर तिथे नवे प्राणी येतात आणि आधीचेही परततात. कॅरीला एका कॅम्पमध्ये दुप्पट गोल्ड.

जिंकत आलेला गेम हातचा घालवणं

चाळिसाव्या मिनिटाला सगळं तुमच्या बाजूने आहे, आणि कॅरी एकटाच त्यांच्या जंगलात एका कॅम्पसाठी जातो. पुढचं सांगायला नको. या टप्प्यात बायबॅकपुरतं (मेल्यावर गोल्ड देऊन लगेच जिवंत होण्यापुरतं) गोल्ड राखून ठेवा. एकदा वापरला की आठ मिनिटं पुन्हा मिळत नाही, हेही ध्यानात असू द्या. रोशन मारला की एजिस (मेल्यावर एकदा पुन्हा उठवणारा आयटम) मिळतो, पण तो पाच मिनिटांत विरून जातो. तो घेऊन फार्म करत फिरणारे कॅरी प्रत्येकाने पाहिलेत. एजिस हातात आला की थेट टॉवर.

‘लॅग आहे’

आधी नक्की काय आहे ते बघा. हिरो हुकूम उशिरा ऐकतो, पण चित्र सुरळीत चालतं? मग नेटचा प्रश्न. चित्रच अडखळतं? मग मशिनचा. सेटिंग्जमध्ये नेटवर्कची माहिती स्क्रीनवर दाखवायचा पर्याय आहे, तो चालू ठेवा. पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारे मिलिसेकंद) स्थिर ८० असेल तर नवख्याला ते पुरेसं आहे. पिंग ३० आणि लॉस (वाटेत हरवणारा डेटा) मात्र सारखा वरखाली होत असेल तर ते जास्त वाईट, आणि बहुतेक वेळा दोष वायफायचा असतो. राउटरपासून केबल ओढा. मॅच शोधताना भारताच्या सर्व्हरसोबत आग्नेय आशियाही टिक केलेला असेल तर गेम सिंगापूरला लागू शकतो. मग पिंग वाढलं म्हणून वैतागू नका. लॅपटॉपवर वेगळं ग्राफिक्स कार्ड असूनही गेम प्रोसेसरच्या ग्राफिक्सवर चालत नाही ना, तेही एकदा तपासा.

वीज जाणाऱ्या भागात असाल तर राउटर इन्व्हर्टरवर घ्याच. पाच मिनिटांहून जास्त बाहेर राहिलात तर अबँडन (गेम सोडल्याचा शिक्का) लागतो, आणि असे साठत गेले की लो प्रायॉरिटीत (शिक्षा झालेल्यांच्या वेगळ्या रांगेत) टाकतात. तिथून सुटायला ठरावीक गेम जिंकावेच लागतात, आणि तिथली टीम कशी असते ते विचारू नका.

आग्नेय आशियाच्या सर्व्हरवर माइकवर कोण काय बोलतंय हे बरेचदा कळत नाही. चॅट व्हील (तयार वाक्यांची यादी) वापरा. त्यातली वाक्यं प्रत्येकाला त्याच्या गेमच्या भाषेत दिसतात. स्पेलवर ऑल्ट धरून क्लिक केलंत तर तो तयार आहे की नाही, मॅना कमी आहे का, हे टीमला आपोआप कळतं. शिव्या देणाऱ्याला स्कोअरबोर्डवरून म्यूट करा आणि उत्तर देऊ नका, कारण उत्तर टाइप करताना हिरो उभाच असतो. रँक्डची (क्रमवारीसाठीच्या गेमची) घाई करण्यातही अर्थ नाही. त्यासाठी तसाही फोन नंबर जोडावा लागतो आणि १०० तास खेळलेले असावे लागतात. त्यातल्या हरलेल्या गेमचे रिप्ले उघडा, फक्त स्वतःच्या मरणांवर थांबा, आणि प्रत्येक मरणाच्या दहा सेकंद आधी मिनीमॅपवर काय दिसत होतं ते बघा.