पुढच्या वर्षाच्या परसाची तयारी आत्ता थंडीतच करा

डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे गोव्यात परसातलं काम संपलेलं नसतं, उलट वायंगणाची, म्हणजे हिवाळी हंगामाची, भाजी ऐन भरात असते, तांबडी भाजी (लाल माठ), मुळा, वांगी, वाल सगळं एकदम येतं आणि पाणी घालता घालता दिवस जातो. तरी पुढच्या वर्षाचं प्लॅनिंग ह्याच दिवसांत करायला पाहिजे, कारण काही गोष्टी फक्त आत्ताच दिसतात आणि आत्ताच करता येतात, मे महिन्यात कितीही धावपळ केली तरी मग उपयोग नाही.

पहिलं काम बियाण्याचं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच. जे काही उभं आहे त्यातली सगळ्यात चांगली चार-पाच झाडं आजच निवडा, त्यांना लाल चिंधी बांधा आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवा की ह्याला हात लावायचा नाही, कारण भाजी काढायला गेलं की आधी तेच कापलं जातं, तेच सगळ्यात ताजं दिसतं ना. वांगं बियाण्यासाठी ठेवलं तर पार पिवळं पडेपर्यंत झाडावरच राहू द्या. वाल आणि अळसांदे (चवळी) सोपे, शेंगा झाडावरच वाळल्या की काढायच्या, त्यांच्यात सहसा भेसळ होत नाही. तांबड्या भाजीचं मात्र तसं नाही, तिचे परागकण वाऱ्याने उडतात, बाजूला हिरवा माठ फुलला असेल तर पुढच्या वर्षी पानांचा रंग फिका निघतो, म्हणून त्या काळात माठाला फुलोरा येऊच द्यायचा नाही. बी सावलीत नीट खडखडीत वाळवून, थोडी राख लावून काचेच्या बाटलीत, आणि बाटलीवर नाव, महिना आणि कुठून आणलं ते लिहायचं. मिरचीचं बी दोन-तीन वर्षं चालतं, कांद्याचं वर्षभरापुढे भरवशाचं नाही. शेजारणीकडे हार्माळची मिरची किंवा चांगली भेंडी असेल तर तिलाही आत्ताच सांगून ठेवा, मे महिन्यात मागायला गेलात तर बी कधीच चटणीत गेलेलं असतं.

दुसरं, ऊन बघा. हे बरेच जण करत नाहीत. आत्ता सूर्य दक्षिणेला कललेला आहे, दहा फुटी भिंतीची सावली भर दुपारीही साधारण आठ फूट पडते, त्यामुळे घराच्या उत्तरेकडचा तुकडा दिवसभर ओला आणि थंड दिसतो आणि आपण म्हणतो इथे काही होणार नाही. पण गोवा साधारण साडेपंधरा अक्षांशावर आहे, मेच्या सुरुवातीला सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो आणि मग ऑगस्टच्या दहा तारखेच्या आसपासपर्यंत दुपारी तो आपल्या उत्तरेलाच असतो. म्हणजे तोच उत्तरेकडचा तुकडा पावसाळी भाजीला चांगला, आणि आत्ता ज्या दक्षिणेच्या वाफ्यात भाजी जोमात आहे तिथे मेमध्ये रोपांना दुपारच्या उन्हापासून झापांची (माडाच्या विणलेल्या झावळ्यांची) सावली द्यावी लागणार. एका सुट्टीच्या दिवशी सकाळी, दुपारी आणि चारच्या सुमाराला सावली कुठे पडते तिथे काठ्या रोवा आणि वहीत वेडंवाकडं का होईना चित्र काढा. त्याच चित्रात जुलैत पाणी कुठे साचलं होतं ते घरातल्या मोठ्या माणसांना विचारून घाला, आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि बहुतेक सगळा चार महिन्यांत, तिथे चर कुठून काढायचा हे जमीन कोरडी असतानाच ठरवलेलं बरं.

विहिरीचं पाणीही मोजायला लागा, दोरीला गाठ मारून दर महिन्याला बघायचं. एप्रिलमध्ये दोन वाफ्यांपुरतंच पाणी उरणार असेल तर चार वाफे पेरून काय करणार?

मातीची टेस्ट करायची असेल तर वाफे रिकामे होतील तसे नमुने घ्या, आठ-दहा ठिकाणची वीतभर खोल माती, शेणखताच्या ढिगाजवळची नको, एकत्र करून सावलीत वाळवून अर्धा किलो. आपली जांभ्याची माती आंबट, चुना बहुतेक लागतोच, पण चुना आणि शेणखत एकाच वेळी घालू नका, खतातला नत्र उडून जातो, मधे दोन-तीन आठवडे जाऊ द्या.

आणि कृपा करून पाला जाळू नका. आता फणस-आंब्याखाली पातेरा पडायला लागेल, झाडलोट करून काडी लावायची सवय सगळ्या गावात आहे, पण तोच पाला कोपऱ्यात ढीग करून शेणकाल्याने भिजवत राहिलात की पावसाआधी खत होतं, उरलेला वाफ्यांवर आच्छादनाला. नारळाची सोडणंही फेकायची नाहीत, माडाच्या आळ्यात पोकळ बाजू वर करून पुरली तर पाणी धरून ठेवतात, काही वर्षं तरी बघायला नको.

आता पावसाळ्याचं, म्हणजे चवथीचं, गणेश चतुर्थीचं. मी तरी पावसाळी भाजीचा सगळा हिशोब माटोळीवरून, म्हणजे गणपतीच्या वर फळं-भाज्या बांधायच्या चौकटीवरून, उलटा करते, आणि तुम्हालाही तेच सांगेन, कारण विकत आणलेल्या माटोळीत ती मजा नाही. कॅलेंडर आधी उघडा, २०२५ ला चवथ २७ ऑगस्टला होती, २०२६ ला १४ सप्टेंबरला आहे, अधिक महिन्यामुळे, म्हणजे जवळजवळ अडीच आठवडे पुढे. पडवळ, दोडकी, तवशी (काकडी) ह्यांना पेरल्यापासून दोन महिने धरा, मिरगाच्या पावसावर सगळं बी टाकलं तर ह्यावेळी चवथीपर्यंत वेल म्हातारे होतील, म्हणून थोडं बी राखून दुसरी पेरणी जुलैच्या पहिल्या आठवड्यात करायची. हळदीचे कंद आता जानेवारी-फेब्रुवारीत काढाल तेव्हाच लावणीसाठी चांगले जाड बाजूला काढा, चवथीला हळदीच्या पानात वाफवायच्या पातोळ्यांना पानं लागतात. मंडपाला बांबू आणि काथा आत्ताच बघा, मेमध्ये सगळ्यांनाच हवा असतो.

कुळागर (सुपारीची बाग) असेल तर मिरीच्या चांगल्या वेली ह्या तोडणीच्या वेळीच हेरून ठेवा, घोस कुठल्या वेलीला लांब आणि भरलेले आहेत ते आत्ताच कळतं. त्यांच्या बुंध्याकडून जमिनीवर सरपटणारे फुटवे मातीला टेकू न देता खुंटीला गुंडाळून ठेवायचे आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये दोन-तीन पेरांचे तुकडे करून पिशवीत लावायचे, जूनला रोपं तयार. काजूची किंवा मानकुराद आंब्याची कलमं हवी असतील तर नर्सरीत आत्ताच नाव घाला, पाऊस सुरू झाल्यावर उरलंसुरलं मिळतं. माडाचे खड्डे एप्रिल-मेमध्ये, मीटरभर लांब-रुंद-खोल, दोन माडांत साडेसात मीटर अंतर सोडायचंच, आज रोप लहान दिसतं म्हणून दाटी करू नका.

माकडं आणि रानडुकरांसाठी कुंपण करायचं असेल तर कृषी खात्याच्या सबसिडीची चौकशी विभागीय कृषी कार्यालयात आत्ताच करा, कृषी कार्ड आणि एक-चौदाचा (जमिनीचा) उतारा जवळ ठेवा, आणि उताऱ्यावर अजून आजोबांचंच नाव असेल तर आधी ते काम हातात घ्या, त्याला वेळ लागतो.

शेवटी पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा. नारळ काढायला आणि माडांची शेंडी साफ करायला माणूस मिळणं किती कठीण झालंय ते सगळ्यांना माहीत आहे, त्याला भेटून पावसाआधीची तारीख आत्ताच ठरवून घ्या, आणि तो वर चढेल तेव्हा गाभ्यात गेंडा भुंग्याची भोकं आहेत का ते बघायला सांगा.