पहिल्या एअर पिस्तूल मॅचआधी: काय घ्यायचं, काय टाळायचं, तपासणीत काय बघतात

पहिलं वर्षभर स्वतःचं पिस्तूल घेऊ नका. पॅरिसला २०२४ मध्ये मनू भाकरनं दहा मीटर एअर पिस्तुलात ब्राँझ मिळवल्यापासून पुण्यात बालेवाडीच्या रेंजवर चौकशीला येणारा जवळजवळ प्रत्येक पालक आधी पिस्तुलाचंच विचारतो, आणि मी प्रत्येकाला हेच सांगते. स्टायर, मोरिनी, पार्दिनी, वॉल्थर सगळीच उत्तम आहेत. पण बारा-तेरा वर्षांच्या मुलाचा पंजा अजून वाढतोय. आज घेतलेली ग्रिप (मूठ) दिवाळीपर्यंत लहान व्हायची. क्लबचं पिस्तूल वापरा, आणि खर्च करायचाच तर बुटांवर करा.

बूट सपाट, पातळ तळाचे हवेत. घोट्याचं हाड झाकणारे चालत नाहीत. पळायचे जाड, मऊ सोलचे बूट नियमात बसतात, पण त्यावर अंग सतत डुलतं आणि ते डुलणं थेट नळीच्या टोकाला दिसतं. ब्लाइंडर (एका डोळ्यासमोर लावायची झापड) मात्र विकत घ्यायची गरज नाही. श्रीखंडाच्या डब्याचं पांढरट झाकण कापून टोपीला क्लिपनं लावा. नेम न धरणाऱ्या डोळ्यासमोरचा तुकडा जास्तीत जास्त ३० मिमी रुंद चालतो. एक डोळा मिटून नेम धरायची सवय लागली तर दुसऱ्या डोळ्यालाही ताण येतो. दोन्ही उघडे ठेवा, एकासमोर नुसता पांढरा पडदा येऊ द्या.

आता खरं काम. टार्गेटमधलं दहाचं वर्तुळ ११.५ मिमी व्यासाचं. नवीन मुलगा त्या काळ्या गोळ्याकडे टक लावून बघतो आणि फ्रंट साइट (नळीच्या टोकावरची नेमाची खूण) धूसर होते. व्हायला हवं उलटं: फ्रंट साइट कोरल्यासारखी स्पष्ट, टार्गेट धूसर. मी मुलांना वहीवर गणित करून दाखवते. दोन साइट्समधलं अंतर साधारण ३०० मिमी धरा. मागच्या, म्हणजे रिअर साइटच्या खाचेत फ्रंट साइट एका मिलिमीटरनं बाजूला सरकली, तर दहा मीटरवर पेलेट (छर्रा) ३३ मिमी बाहेर जातो, म्हणजे दहाऐवजी सहाच गुण. पण साइट्स एका रेषेत राहिल्या आणि अख्खा हातच पाच मिलिमीटर सरकला, तर पेलेटही पाचच मिलिमीटर सरकतो आणि तरीही दहा मिळतात, कारण रेषेला स्पर्श झाला तरी वरचा गुण धरतात. हात हलणारच, तो हलू द्या. साइट्स हलता कामा नयेत.

म्हणून नेमही मध्यावर धरायचा नाही. काळ्याच्या खाली, पांढऱ्या भागात धरा आणि साइट तशी लावून घ्या. फ्रंट साइटच्या दोन्ही बाजूंना प्रकाशाची सारखी फट दिसली पाहिजे. हे शिकायला रेंज लागत नाही. घरी कोऱ्या भिंतीसमोर ड्राय फायर करा, म्हणजे पेलेट न भरता ट्रिगर ओढा. भिंतीवर काही काढू नका, ठिपकासुद्धा नको, नाहीतर नजर तिकडेच पळेल. ट्रिगर सुटल्यावर साइट्स जिथल्या तिथे आहेत का, एवढंच बघा. रोज वीस मिनिटं मन लावून केलेलं ड्राय फायर रविवारच्या शंभर पेलेटपेक्षा जास्त देतं, असं माझं ठाम मत आहे.

पुढे स्वतःचं पिस्तूल घ्याल तेव्हासाठी ग्रिपबद्दल थोडं सविस्तर, कारण इथं सगळे घाई करतात. लाकडी ग्रिप हाताला लावून घ्यायला आपल्याकडे सर्रास एम-सील वापरतात, आणि ते चांगलं चालतं. पुण्यात बोहरी आळीत गोल कानस आणि पॉलिश पेपर मिळतो. तळव्याच्या खळग्यात पोकळी राहिली असेल तिथे थोडं भरा, ओलं असताना हात घट्ट धरून छाप घ्या, वाळल्यावर घासा. एका वेळी एकच जागा. मग आठवडाभर त्यावर शूट करा आणि डोळे मिटून हात उचला. उघडल्यावर साइट्स आपोआप रेषेत आल्या तर ग्रिप बसली. पण नियम विसरू नका. तळहाताखालची पट्टी हाताला वर वळून पकडता कामा नये, ग्रिप मनगटावर येता कामा नये, आणि पकड वाढवणारा चिकट पदार्थ लावायला बंदी आहे. मनगट पूर्ण मोकळं दिसलं पाहिजे.

तपासणीच्या टेबलावर मुलांचे चेहरे उतरतात ते बहुतेक याच गोष्टींमुळे. पिस्तूल १५०० ग्रॅमच्या आत आणि ४२० बाय २०० बाय ५० मिमीच्या पेटीत बसणारं हवं. ट्रिगरला ५०० ग्रॅमचं वजन अडकवून पिस्तूल उभं उचलतात. वजन उचललं गेलं पाहिजे आणि ट्रिगर सुटता कामा नये. नेमकं पाचशेवर लावून येऊ नका, दहा-वीस ग्रॅम वर ठेवा. सेकंडहँड पिस्तूल घेताना हवेच्या सिलिंडरवरची तारीख आधी वाचा. मुदत साधारण दहा वर्षांची असते, आणि ती संपलेली असेल तर पिस्तूल कितीही चांगलं असो, तो सिलिंडर मॅचला चालत नाही. विकणारा हे आपणहून सांगत नाही. निळी जीन्स चालत नाही. पिस्तुलाच्या हातात घड्याळ किंवा कडं चालत नाही. राखी, देवाचा दोरा यांवर टेबलाशी वाद घालत बसण्यापेक्षा ते घरूनच दुसऱ्या हाताला बांधून या. श्रद्धेला काही बाधा येत नाही.

परवान्याचं विचारतात म्हणून सांगते: ४.५ मिमी बोअर (नळीचा आतला व्यास) आणि २० ज्यूलपर्यंतच्या एअर वेपनला परवाना लागत नाही, आणि मॅचचं एअर पिस्तूल त्याच्या कितीतरी खाली असतं. तरी बिल पेटीत ठेवा आणि पिस्तूल पेटीतूनच न्या.

मॅचमध्ये आधी पंधरा मिनिटं तयारी आणि सायटिंगची, त्यात हवे तेवढे शॉट. मग साठ शॉट, इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर ७५ मिनिटांत. २०१८ पासून मुलींनाही साठच. वेळ भरपूर आहे, आणि तो वापरायचं धाडस बहुतेकांना होत नाही. हात उचलून आठ-दहा सेकंदांत शॉट सुटला नाही तर खाली घ्या. नऊ आला म्हणून पुढचा घाईनं मारू नका, खुर्चीवर बसा, पाणी प्या. खाली घेतलेल्या हाताचे गुण कापत नाहीत.

अलीकडे मुलं प्रॅक्टिकल शूटिंगचे व्हिडिओ बघून येतात. होल्स्टरमधून पिस्तूल काढायचं, दोन्ही हातांनी धरायचं, धावत टार्गेट घ्यायची, आणि मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागायचं. आपल्याकडे त्या पिस्तुलांचा ९ मिमी बोअर निषिद्ध असल्यानं सामान्य नागरिकाला त्या वाटेनं जाणं अवघड आहे. पण त्या खेळाची शिस्त मला फार आवडते. तिथे हलताना बोट ट्रिगरवर दिसलं किंवा नळी ठरलेल्या कोनाबाहेर गेली की स्पर्धा तिथेच संपते. आपल्या एअर पिस्तूलवाल्यांनी ही कडक नजर उचलायला हवी. नळी कायम टार्गेटकडे, बोट बाहेर, आणि पिस्तूल खाली ठेवलं की नळीत सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी असल्याचं दाखवणारी रंगीत दोरी). "हवेचंच तर आहे" हे वाक्य माझ्या बॅचमध्ये चालत नाही. "त्यांना रेड डॉट चालतो, मग आपल्याला का नाही?" असंही लाल ठिपक्याच्या त्या साइटबद्दल विचारतात. आपल्या खेळात उघड्या साइट्स हाच कस आहे, आणि मला तो तसाच राहायला हवा आहे.

पावसाळ्यात हँडपंपानं सिलिंडर भरू नका, दमट हवा आत जाते. स्कूबा सिलिंडरवरून २०० बारपर्यंत भरून घ्या. पेटीत सिलिका जेलची पुडी ठेवा. आणि पेलेट शिशाचे असतात, म्हणून रेंजवरून बाहेर पडल्यावर मुलांना आधी साबणानं हात धुवायला लावा, डबा त्यानंतर.