टेलर स्विफ्टचं गाणं वहीत उतरवताना

पहिल्यांदा नुसतं ऐका, पेन बाजूला ठेवून. दुसऱ्या खेपेला लिहा: कोण बोलतंय, कुणाशी, आणि गोष्ट घडून किती काळ झालाय.

'फोकलोर' (२०२०) या अल्बममधली 'कार्डिगन', 'ऑगस्ट' आणि 'बेटी' ही एकाच प्रेमत्रिकोणाची तीन तोंडं. मी वहीत तीन रकाने आखले, तेव्हा कुठे 'ऑगस्ट'मधली मुलगी मला दिसली. तिला गाण्यात नावसुद्धा नाही. जो कधी तिचा नव्हताच, त्याला ती गमावून बसलीय. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मग वस्तूंचा माग काढा. 'ऑल टू वेल'मधला स्कार्फ आधी प्रियकराच्या बहिणीच्या घरी राहतो आणि गाण्याच्या शेवटाकडे त्याचा उल्लेख परत येतो. आधी ती विसरलेली वस्तू असते, नंतर पुरावा. २०२१ ची दहा मिनिटांची आवृत्तीही शेजारी ठेवा.

'टॉलरेट इट'आधी डॅफ्नी द्यू मॉरिएची 'रेबेका' वाचाच. ती वाचताना हे गाणं सुचल्याचं टेलरनंच सांगितलंय. जेवणाचं टेबल मांडून वाट पाहणारी बायको मग वेगळीच ऐकू येते.

गाण्यामागचा खरा प्रियकर कोण, हे मात्र शोधू नका. त्यात ओळी निसटतात.