विमानात मधली सीट का पदरी पडते? या चुका टाळा

आईचे गुडघे दुखतात, म्हणून पुणे–दिल्ली प्रवासात मी जादा पैसे भरून तिच्यासाठी इमर्जन्सी दरवाजाजवळची सीट घेतली. पाय पसरायला ऐसपैस जागा मिळेल, एवढाच विचार होता. विमानात चढल्यावर केबिन क्रूमधल्या मुलीने आईची चाल पाहिली, दोन प्रश्न विचारले आणि नम्रपणे म्हणाली, "काकू, इथे नाही बसता येणार." आईला पार मागे, दोघांच्या मधली सीट मिळाली. दोन तास ती गुडघा हाताने दाबून बसली होती.

त्या मुलीचं काहीच चुकलं नव्हतं. वेळ आली तर तो जड दरवाजा त्या ओळीतल्या प्रवाशाला उघडावा लागतो. त्यामुळे लहान मुलं, गरोदर बायका, तान्हं बाळ घेऊन आलेले आणि चालायला त्रास होणारे प्रवासी तिथे बसू शकत नाहीत. गुडघेदुखी असलेल्यांसाठी पुढच्या ओळींतली, बोळाच्या (ये-जा करायच्या वाटेच्या) बाजूची सीट बघावी. पहिली ओळ मात्र विचार करून घ्या. समोर भिंत असल्याने पर्स किंवा औषधांची पिशवी पायाशी ठेवता येत नाही, टेकऑफ आणि लँडिंगला ती वर ठेवावी लागते. जेवणाचा ट्रे हाताच्या दांड्यात दुमडलेला असतो, त्यामुळे दांडा वर होत नाही आणि सीट थोडी अरुंद वाटते.

तुम्ही धडधाकट असाल तर इमर्जन्सीची ओळ उत्तम. पण एअरबस ए३२० मध्ये पंखावर अशा दोन ओळी एकापाठोपाठ असतात. त्यातल्या पुढच्या ओळीची पाठ सहसा मागे कलत नाही. पैसे तितकेच देणार असाल तर मागची ओळ धरा.

विमान कोणतं ते न बघणं

सगळ्यात जास्त लोक चुकतात ते इथे. तिकिटावर वेळ बघतो, भाडं बघतो, विमानाचा प्रकार कोणी बघत नाही. ए३२० आणि बोईंग ७३७ मध्ये तीन-तीन सीट असतात, म्हणजे बी आणि ई या मधल्या सीट. लहान शहरांना जाणाऱ्या एटीआर ७२ मध्ये दोन-दोनच असतात, तिथे मधली सीट नाहीच. शिवाय प्रवाशांचा दरवाजा मागे असतो. पुढची सीट हवी म्हणून हट्टाने पैसे भरणारा माणूस सगळ्यात शेवटी उतरतो! इंजिनाचे पंखे पुढच्या-मधल्या भागाशेजारी फिरतात, त्यामुळे मागे आवाजही कमी. पंख वर असल्याने खालचा मुलूख मात्र बहुतेक खिडक्यांतून मोकळा दिसतो.

७३७ मध्ये पंखाच्या थोडं पुढे, डाव्या बाजूला एका ओळीत खिडकीच नसते, नुसती भिंत. आतून एसीची नळी गेलेली असते. खिडकीचे पैसे भरून भिंतीकडे बघत बसण्यापेक्षा एक ओळ मागेपुढे सरका.

खिडकी घेताना दिशाही बघा. तोंड पुढे करून बसल्यावर ए डावीकडे, एफ उजवीकडे. मुंबईहून गोव्याला जाताना समुद्र एफ सीटकडे, परतताना ए सीटकडे. पण संध्याकाळी जात असाल तर एफवरच ऊन येणार. सकाळी दिल्लीला निघालात तरी ऊन उजवीकडेच. उन्हाने डोकं धरणाऱ्यांनी डावी बाजू घ्यावी. विमानाच्या हिसक्यांनी पोटात कालवणाऱ्यांसाठी पंखाजवळची जागा बरी, शेपटाकडे हादरे जास्त जाणवतात.

वेब चेक-इन घाईत उरकणं

देशांतर्गत उड्डाणांसाठी वेब चेक-इन बहुतेक कंपन्यांत ४८ तास आधी उघडतं. अनेक जण विमानतळाच्या रांगेत उभं राहून फोनवर ते करतात आणि समोर येईल त्या बटणावर बोट ठेवतात. मग यंत्र देईल ती सीट. आदल्या दिवशीच सीटचा नकाशा उघडा आणि पैसे न लागणाऱ्या सीट आधी शोधा, त्या बहुधा मागच्या भागात असतात. चांगल्या सीटचे वेगळे पैसे भरायची तयारी असेल, तर सीट आणि जेवण धरून असलेलं थोडं महाग भाडं किती आहे तेही ताडून पाहा. काही वेळा तेच स्वस्त पडतं.

मुद्दाम उशिरा चेक-इन केलं तर न विकल्या गेलेल्या महागड्या सीट फुकट मिळतात, असं सांगणारे भेटतील. भरलेल्या विमानात कधी कधी मिळतातही. मी तरी हे करणार नाही. जागेपेक्षा जास्त तिकिटं विकली असतील तर सर्वांत उशिरा आलेलाच खाली राहण्याची भीती असते. मूळ वेळेपासून एका तासाच्या आत सुटणाऱ्या दुसऱ्या विमानात बसवलं तर भरपाईही मिळत नाही.

कुटुंबाची तिकिटं वेगवेगळी काढणं

दोघांनी दोन फोनवरून तिकिटं काढली की यंत्राला ते परके वाटतात. १२ वर्षांपर्यंतच्या मुलांना एकाच पीएनआरवरच्या निदान एका पालकाशेजारी सीट द्यावी, असं डीजीसीएने (विमान कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने) २०२४ मध्ये कंपन्यांना बजावलं आहे. त्याचा आधार घ्यायचा तर पीएनआर एकच हवा. वेगळे असलेच तर काउंटरवर लवकर जा आणि दोन्ही नंबर एकदम द्या.

विमानात सीट बदलून मागायची वेळ आलीच, तर आपली बरी सीट द्या आणि समोरच्याची साधी घ्या. "दादा, माझी खिडकीची आहे, तुम्ही बसता का? मला आईजवळ बसायचंय," असं म्हटलं की माणसं सहसा उठतात. आपली मधली देऊन त्याची बोळाची मागू नका, त्याने कदाचित पैसे भरलेले असतात. रिकामी सीट दिसली तरी दरवाजा बंद होईपर्यंत थांबा आणि क्रूला विचारूनच सरका. एटीआरसारख्या लहान विमानात वजनाचा तोल सांभाळूनच माणसं बसवलेली असतात.

आणि निघायच्या आदल्या रात्री बोर्डिंग पास पुन्हा उघडून सीट नंबर बघा. ऐनवेळी विमान बदललं तर सीटही बदलते. भरलेल्या पैशांची पावती जवळ ठेवा आणि काउंटरवर तीच दाखवून आधी तशीच सीट मागा. ती नसेल तर पैसे परत मागा.