देवराईत पाऊल ठेवण्यापूर्वी

कोकणातून किंवा सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरून जाताना भाताची खाचरे, कातळसडे आणि झुडपांनी भरलेल्या उतारांमध्ये एखादा काळपट हिरवा, गर्द पुंजका अचानक नजरेस पडतो. भोवतालचा डोंगर उघडा झालेला असतो, आणि त्या एवढ्याशा तुकड्यात मात्र कवेत न मावणारे बेहडे, आंबे आणि सातवीण उभे असतात. ही त्या गावाची देवराई. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात तिला देवरहाटी म्हणतात, गोव्यात देवराय. ग्रामदैवताच्या नावाने राखलेल्या या रानात कुऱ्हाड चालवायची नाही, हा नियम गावाने स्वतःवर घालून घेतलेला असतो. पुण्यातील वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी १९७०च्या दशकात महाराष्ट्रातील देवरायांचा शास्त्रीय अभ्यास सुरू केला, तेव्हापासून शहरी वाचकांचे लक्ष त्यांच्याकडे वळले. अलीकडे शनिवार-रविवारी तेथे जाणाऱ्यांची संख्याही वाढली आहे. अशा भेटीची तयारी कशी करावी आणि आत गेल्यावर कसे वागावे, हे पुढे सांगितले आहे.

सर्वप्रथम एक गोष्ट समजून घ्यावी. देवराई सार्वजनिक असली तरी ते उद्यान नव्हे. तेथे तिकीट नसते, फाटक नसते, उघडण्या-मिटण्याच्या वेळा नसतात आणि बहुतेक ठिकाणी कुंपणही नसते, परंतु कुंपण नाही म्हणून ती कोणाचीच नाही असा अर्थ होत नाही. कागदोपत्री ती जमीन कोठे महसूल खात्याकडे, कोठे वनखात्याकडे, तर कोठे देवस्थानाच्या नावावर असते. प्रत्यक्षात मात्र तिची राखण गाव करते. त्यामुळे देवराईला जाणे हे एखाद्याच्या घरी जाण्यासारखे आहे. यजमानांना न भेटता थेट माजघरात शिरणारा पाहुणा कोणालाच आवडत नाही.

कोणती देवराई निवडावी, हे आपल्याला काय पाहायचे आहे त्यावर ठरवावे. पुण्याहून जाणाऱ्यांसाठी आंबेगाव तालुक्यातील आहुपे हे चांगले ठिकाण आहे. मंचर, घोडेगाव आणि डिंभे धरणाच्या बाजूने रस्ता वर चढतो आणि गाव अगदी घाटाच्या कड्यावर आहे. भीमाशंकरच्या या परिसरात महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू दिसण्याची शक्यता बरीच असते. मावळ तालुक्यातील आजिवलीची देवराई भेरली माडांसाठी ओळखली जाते. सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे येथील देवराईचे रूप मात्र सर्वस्वी निराळे आहे. तेथे रानजायफळाच्या कुळातील झाडे गोड्या पाण्याच्या दलदलीत उभी आहेत, आणि चिखलात श्वास घेता यावा म्हणून त्यांची मुळे गुडघा वाकवल्यासारखी जमिनीबाहेर येऊन पुन्हा आत गेलेली दिसतात. अवघ्या २.५९ हेक्टरांच्या या तुकड्याला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळालेला आहे. पहिल्यांदाच जाणाऱ्याने मात्र अशा नाजूक जागेपासून सुरुवात करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या आजोळाजवळची किंवा ओळखीच्या माणसाच्या गावची साधी देवराई आधी पाहावी. तेथे विचारायला माणूस असतो आणि चुकले तर सांभाळून घेणारेही असतात.

काळ निवडताना पावसाळा शक्यतो टाळावा. जून ते सप्टेंबर या काळात रान सर्वांत देखणे दिसते हे खरे, परंतु पाऊलवाटा निसरड्या होतात, जळवा असतात आणि ओल्या जमिनीवरून चार माणसे गेली तरी तिथली कोवळी रोपे चिखलात दडपली जातात. नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ बहुतेकांना सोयीचा पडतो. पक्षी पाहायचे असल्यास सूर्योदयानंतरचे दोन तास सर्वांत चांगले. शिमगा, जत्रा किंवा पालखीच्या दिवसांत जायचे असल्यास ते ठरवून आणि निमंत्रणाने जावे, कारण त्या दिवशी देवराई हे गावाचे कार्यस्थळ असते आणि कॅमेरा घेऊन मध्ये उभा राहणारा अनोळखी माणूस सर्वांच्याच पायात येतो. याउलट अमावास्येला किंवा तिन्हीसांजेनंतर आत जाऊ नये असे काही गावांत मानतात. आपला त्यावर विश्वास असो वा नसो, अंधारात घोणस दिसत नाही एवढे कारण पुरेसे आहे.

परवानगीचा भाग घाईने उरकू नये, कारण भेट चांगली होणार की नाही हे बहुधा तेथेच ठरते. आदल्या दिवशी फोनवर बोलणे झाले तर उत्तम. नाहीतर गावात पोहोचल्यावर गाडी देवराईच्या तोंडाशी न नेता वाडीतच लावावी आणि देवळाच्या गुरवांना किंवा मानकऱ्यांना भेटावे. ते शेतावर गेले असतील तर थांबावे. विचारताना नेमके विचारावे: पायताण कोठे काढायचे, कोठपर्यंत जाता येते, कोणत्या बाजूला जाऊ नये, फोटो चालतील का, पाण्याला हात लावला तर चालेल का. प्रत्येक गावाची रीत वेगळी असते. एका गावी देवळाच्या पायरीपाशी चपला काढल्या की झाले, तर दुसऱ्या गावी रानाच्या सीमेवरूनच अनवाणी जावे लागते. अनवाणी जाणे सवयीचे नसेल तर मोजे चालतील का हेही संकोच न करता विचारावे. बरोबर येण्यास कोणी तयार झाले तर त्यांना अवश्य न्यावे आणि त्यांच्या मोडलेल्या दिवसाचा मोबदला, त्यांनी मागितला नाही तरी, द्यावा. ज्या झाडाकडे आपण नुसते झाड म्हणून पाहतो, त्याचे नाव, त्याचा औषधी उपयोग आणि त्याच्याशी जोडलेली गोष्ट हे सगळे त्या माणसाकडूनच कळते.

काही देवरायांत स्त्रियांना प्रवेश नसतो किंवा ठरावीक जागेपुढे जाऊ देत नाहीत. हा नियम मला पटत नाही. तरीही त्यावरचा वाद रानाच्या वेशीवर, राखणीला बसलेल्या एकट्या म्हाताऱ्याशी घालण्यात अर्थ नसतो. सर्वांना प्रवेश असलेल्या देवरायाही पुष्कळ आहेत, आणि कुटुंबासह जाणाऱ्यांनी हे आधीच विचारून त्यांतील एक निवडावी.

पोशाख साधा, फिकट तपकिरी किंवा हिरवट रंगाचा आणि पूर्ण बाह्यांचा असावा. अत्तर, सुवासिक तेल लावू नये, कारण रानातील मधमाश्यांची पोळी बहुधा आपल्याला दिसण्याआधी त्यांना आपण जाणवतो. खरी काळजी गोचिडांची घ्यावी. दोडामार्ग, सावंतवाडी आणि गोव्यातील सत्तरी या पट्ट्यात गोचिडांमार्फत पसरणाऱ्या माकडतापाचे रुग्ण गेल्या दशकात आढळले आहेत, आणि डिसेंबर ते मे या कोरड्या महिन्यांत त्याचा धोका अधिक असतो. म्हणजे जाण्यास सोयीचा आणि तापाचा काळ या पट्ट्यात काही प्रमाणात एकच आहे. तेथे जायचे झाल्यास विजारीचे टोक मोज्यांत खोचावे, उघड्या त्वचेला किटकरोधक मलम लावावे, पाचोळ्यावर बसू किंवा आडवे होऊ नये, आणि परिसरात माकडे मरून पडल्याचे कळले तर बेत सरळ रद्द करावा.

आत शिरल्यावर पहिली दहा मिनिटे चालू नये. सीमेच्या आत चार पावलांवर, वाटेवरच, उभे राहावे. बाहेरच्या उन्हातून आल्यावर डोळ्यांना सावलीची सवय व्हायला तेवढा वेळ लागतो, आणि आपण आल्यामुळे गप्प झालेले रानही तेवढ्या अवधीत पुन्हा बोलू लागते. मग आधी कान वापरावेत. वरच्या फांद्यांतून खडखडाटासारखा लांबलचक आवाज आला तर तो शेकरू असण्याचा संभव आहे. काटक्या-पानांचा मोठा गोळा उंच दुबेळक्यात दिसला तर ते त्याचे घरटे. शेकरू एका झाडावरून दुसऱ्या झाडावर झेपावत जाते आणि जमिनीवर सहसा उतरत नाही, त्यामुळे फांद्यांना फांद्या लागलेल्या असणे हाच त्याचा रस्ता असतो. देवराईतून चार मीटरचा काँक्रीटचा मार्ग काढला की तो रस्ता कसा तुटतो, हे मान वर केली की समजते.

नंतर वेलींकडे पाहावे. गारंबीचा वेल जुन्या देवरायांत माणसाच्या मांडीएवढा जाड झालेला असतो, एका झाडावर चढून चौथ्या झाडावरून खाली येतो, आणि त्याच्या शेंगा मीटरभराहून अधिक लांब वाढतात. त्या शेंगेतील चपटी, गुळगुळीत, तपकिरी बी मी एकदा खाली पडलेली पाहून खिशात टाकली होती. बरोबरच्या आजोबांनी काही न बोलता तळहात पुढे केला, ती घेतली आणि जेथून उचलली होती तेथेच ठेवली. पडलेली आहे, उचलली तर काय बिघडले, हा शहरातला हिशेब झाला. देवराईत वाळलेली काटकीसुद्धा सरपणाला न्यायची नाही, असा नियम अनेक गावांत आहे, आणि कारण देवाच्या कोपाचे सांगितले तरी परिणाम मातीत दिसतो: पाचोळा पाचोळ्यावर साचतो, कुजतो, पावसाचे पाणी धरून ठेवतो आणि खालच्या अंगाला झरा उन्हाळ्यापर्यंत वाहता राहतो. श्रीवर्धन तालुक्यातील गाणी येथील लोकांनी आपल्या देवराईतील झाडतोडीस विरोध केला, त्यामागे हा झऱ्याचाच प्रश्न होता. म्हणून फूल, फळ, बी, दगड, मध, औषधी मुळी यांपैकी काहीही घेऊ नये. बाहेरून आणून काही लावूही नये. वाढदिवसाचे म्हणून देवराईत गुलमोहर लावून जाणारे उत्साही लोक मी पाहिले आहेत, आणि शेकडो वर्षे आपापली जागा धरून असलेल्या रानात त्या रोपाचे काही काम नसते.

धनेश पक्ष्याच्या विणीच्या काळात, म्हणजे साधारण फेब्रुवारी ते मे या महिन्यांत, आणखी एक पथ्य पाळावे लागते. मादी जुन्या झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते, तोंड लिंपून एवढीशी फट ठेवते आणि नर त्या फटीतून तिला फळे भरवतो. ढोलीखाली माणसे उभी राहिली तर नर जवळ येत नाही आणि आत मादी व पिल्ले उपाशी राहतात. असे झाड लक्षात आले की दुरूनच पाहून मागे फिरावे. त्याचा फोटो कोठेही टाकताना गावाचे नाव आणि नकाशावरील खूण देऊ नये. आमरींच्या, म्हणजे ऑर्किडच्या, फुलांबाबतही हेच करावे. ड्रोन तर गाडीतसुद्धा नेऊ नये.

देवळापाशी थोडा वेळ बसावे. कित्येक ठिकाणी देव उघड्यावर, झाडाच्या बुंध्याशी, शेंदूर लावलेल्या तांदळ्याच्या, म्हणजे न घडवलेल्या दगडाच्या, रूपात असतो, आणि आपल्याला छप्पर नको असे देवानेच सांगितल्याची श्रद्धा असते. भोवती वीरगळ, सतीशिळा झिजून पडलेल्या असतात. त्यांवर बसू नये, बॅग टेकवू नये. नारळ, उदबत्ती न्यायची असेल तर गुरवांच्या हाती द्यावी. पाचोळ्याच्या रानात स्वतः उदबत्ती पेटवणे धोक्याचे आहे. प्लास्टिकच्या पिशवीतले हार तर आणूच नयेत.

पैशांबद्दल एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. दक्षिणा अवश्य ठेवावी, पण जीर्णोद्धाराच्या पावतीपुस्तकावर मोठी रक्कम लिहिण्यापूर्वी थांबावे. अनेक देवरायांना कुऱ्हाडीपेक्षा जीर्णोद्धाराने अधिक झळ पोहोचली आहे: देऊळ मोठे करायचे म्हणून चार झाडे जातात, सभामंडपासाठी आणखी सहा, मग गाडी येण्यासाठी रस्ता, फरशी आणि शेवटी विजेचे दिवे. मुंबईतील चाकरमान्यांचा पैसा आणि भाव दोन्ही खरे असतात, आणि रान मात्र आक्रसत जाते. झाड तोडण्यापूर्वी देवाचा कौल घेण्याची रीत जेथे अजून पाळली जाते, तेथे हे काम जरा मंदावते. आपल्याला द्यायचेच असेल तर वाट झाडणे, झऱ्याभोवतीचा गाळ काढणे किंवा वणव्याच्या दिवसांत राखण करणाऱ्याची मजुरी, अशा कामासाठी म्हणून स्पष्ट सांगून द्यावे.

निघताना सीमेवर थांबून कपडे, मोजे आणि बॅगेचे पट्टे झाडावेत, म्हणजे चिकटलेली कुसळे आणि बिया त्यांच्याच रानात पडतील आणि गोचीड असल्यास दिसेल. गोचीड चिकटलेली आढळली तर ती चिरडू किंवा जाळू नये. चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढून काढावी आणि जागा साबणाने धुवावी. ज्यांनी परवानगी दिली त्यांना वाडीत जाऊन परत आल्याचे सांगावे, कारण ते वाट पाहत असतात. घरी पोहोचल्यावर गरम पाण्याने आंघोळ करून काखा, मान आणि गुडघ्यामागची जागा पुन्हा तपासावी. पुढच्या दोन आठवड्यांत ताप किंवा जोराची अंगदुखी सुरू झाली, तर आपण कोणत्या तालुक्यातील रानात आणि कोणत्या दिवशी गेलो होतो, हे डॉक्टरांना त्यांनी न विचारताच सांगावे.